शर्विलकाच्या सिद्धि

गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकानें जवळजवळ दोन महिने चोऱ्या करण्यांत घालविले, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. दिवसा महाविद्यालयांत मॅक्बेथचें शील विद्यार्थ्यांस उलगडून सांगावें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर पडद्यासमोर बसून एका बर्फाळ देशांतील धनिकांच्या पेट्या फोडाव्या, असा माझा क्रम होता. या विद्येंत मला गुरु लाभली ती माझी धाकटी कन्या. तिनें हा खेळ शाळेंत असतांनाच खेळून संपविला होता; सुटीत घरीं आली तेव्हां तिनें तो मला शिकविला. एके रात्रीं कोणती शक्ति घ्यावी व कोणती टाकावी याचें टिपण मी कागदावर करीत बसलों होतों. तें पाहून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चोर घडवितां आहां कीं प्रश्नपत्रिका काढतां आहां?"

प्रश्न थट्टेचा खरा. पण त्यांत एका वाङ्मयीन वादाचें बीज आहे असें मला वाटतें, व तेवढ्यासाठींच हा लेख. काव्य, नाटक व कादंबरी यांच्या चर्चेस सरावलेल्या वाचकांनीं माझा हा अतिक्रम क्षणभर सोसावा.

प्रथम खेळाची ओळख. 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतील 'स्कायरिम' हा पांचवा खेळ बेथेस्डा या अमेरिकन संस्थेनें नोव्हेंबर २०११ मध्यें प्रसिद्ध केला. खेळणारानें एक पात्र धारण करावें व त्या काल्पनिक देशांत यथेच्छ हिंडावें. पात्राच्या अंगीं १८ कौशल्यें असतात. जें कौशल्य वापरावें तें वाढतें. कौशल्यें वाढलीं कीं पात्राची पायरी चढते. आणि दर पायरीस एक विशेष शक्ति निवडतां येते. खेळाडू तिला 'पर्क' म्हणतात. मला तिच्यासाठीं 'सिद्धि' हाच शब्द योग्य वाटतो, कारण त्या सर्व आकाशांत तारकांच्या रूपानें दाखविलेल्या असून एकेका कौशल्याचें एकेक नक्षत्र आहे. सर्व मिळून सिद्धि सुमारें अडीचशें. अर्थात् एका जन्मांत साऱ्या कोणी घेत बसत नाहीं. म्हणजे निवड आली. आणि निवड आली कीं शीलाचा प्रश्न आला.

न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच मनुष्य न्यायी होतो, असें ॲरिस्टॉटलचें मत आहे. स्कायरिमचा अर्धा भाग या मतावर उभा आहे: वांकून, दबकत चालणारा दबकण्यांत निपुण होतो. (यांतून घोकंपट्टीही निघालीच. कोठें तरी भिंतीला नाक लावून घटकाघटका वांकून चालत राहणारे खेळाडू आहेत असें कळतें. आमच्या परीक्षांचाही दुसरा अनुभव नाहीं.) परंतु उरलेला अर्धा भाग निराळा आहे. पायरी चढली कीं खेळ थांबतो, आकाश उघडतें, आणि यापुढें आपण कोण होणार हें खेळणारास स्पष्ट सांगावें लागतें. नाटकांतील पात्रावर हा प्रसंग कधीं येत नाहीं. तेथें तें काम नाटककार पडद्याआड करतो. येथें पात्र व नाटककार एकाच खुर्चीवर बसलेले असतात. मात्र आकाशांतील तारका त्यांच्या नव्हेत. त्या तिसऱ्याच कोणी मांडल्या आहेत. त्या मांडणीचें परीक्षण करणें हें टीकाकाराचें काम होय.

या मांडणीस एक इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल व फांसे यांवर चालणारा खेळ १९७४ सालीं निघाला. त्यांत आरंभीं योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक हे तीनच वर्ग होते; चोर आला तो १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणींत. १९७८ च्या नियमग्रंथांत पहिल्या पायरीवरील चोराचा हिशेब असा आहे: भिंत चढण्यांत यश शेंकडा ८५, खिसा कापण्यांत ३०, निःशब्द चालण्यांत १५, आणि सावलींत लपण्यांत अवघें १०. दहांतून नऊ वेळां सांपडणारा हा बिचारा चोर धंद्यांत कसा टिकला असेल याचें मला नवल वाटतें. तथापि हे आंकडे ठराविक होते. चोर म्हटला कीं तो असाच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनें येथें खरी क्रांति केली. तिनें खेळणाराच्या हातीं आरंभीं ६० गुण दिले व पुढें दर पायरीस ३०, आणि ते कोणत्या कलेवर खर्चावे हें त्याच्यावर सोंपविलें. कुलपांचा चोर, खिशांचा चोर व छपरांचा चोर असे भेद त्या दिवसापासून पडूं लागले. पुढें २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत चोराचें नांव बदलून 'रोग' असें ठेवण्यांत आलें. हा शब्द देवनागरींत लिहिला म्हणजे वैद्यास बोलवावेंसें वाटतें. म्हणून मी त्यास भामटा म्हणतों.

आतां स्कायरिमच्या दबकण्याच्या नक्षत्राकडे वळूं. त्याच्या मुळाशीं 'स्टेल्थ' ही सिद्धि आहे. ती पांच वेळां घेतां येते. पहिल्यानें पात्र शेंकडा २० नें दुर्लक्ष्य होतें, पांचव्यानें ४० नें. या मुळांतून दोन फांद्या फुटतात. एक फांदी वाराची: 'बॅकस्टॅब' घेतली कीं बेसावध शत्रूवर एकहाती शस्त्राचा घाव सहापट पडतो, 'डेडली एम' घेतली कीं बाण तिप्पट लागतो, आणि 'असॅसिन्स ब्लेड' घेतली कीं खंजीर पंधरापट. दुसरी फांदी मौनाची: चिलखताचा आवाज निम्मा करणारी 'मफल्ड मूव्हमेंट', दाबाचे सांपळे सुटूं न देणारी 'लाइट फुट', कोलांटीची 'सायलेंट रोल', चालण्या-धांवण्यानें सुगावा लागूं न देणारी 'सायलेन्स', आणि शेवटीं 'शॅडो वॉरियर'.

या वृक्षाकडे वाङ्मयीन दृष्टीनें पाहिलें असतां दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. वाराच्या फांदीवर खंजिराची सिद्धि बाणाच्या सिद्धीच्या पलीकडे आहे. खंजीरवाल्यास धनुर्विद्येचा हा उंबरठा ओलांडल्यावांचून तेथें पोंचतां येत नाहीं. स्कायरिममध्यें कोणत्याही संकल्पानें निघालेला मनुष्य अखेरीस दबा धरून बाण मारणाराच होतो, अशी खेळाडूंत एक सर्वमान्य थट्टा आहे. तिचें एक कारण या रचनेंत सांपडतें. दुसरें कारण तर अगदीं आरंभींच आहे. पात्र वधस्तंभावरून निसटून एका गुहेंतून बाहेर पडत असतां वाटेंत अस्वल निजलेलें दिसतें. सोबती सांगतो, हळूच निघून जाऊं. आणि त्याच दमांत म्हणतो, नाहीं तर हें माझें धनुष्य घे. दबकण्याचा पहिला धडा देतांनाच गुरूनें शिष्याच्या हातीं धनुष्य दिलें. मग शिष्य धनुर्धर झाला तर दोष कोणाचा?

दुसरी गोष्ट मला अधिक सलते. मौनाच्या फांदीचें शेवटचें फळही 'योद्धा' या नांवाचें आहे. त्या सिद्धीनें भर चकमकींत खालीं वांकलें कीं लढाई क्षणभर थांबते व दूरचे शत्रु आपणांस शोधूं लागतात. पळून जाण्यास ती उत्तम. पण चतुर खेळाडू तिचा उपयोग पळण्यासाठीं करीत नाहींत, पुन्हां बेसावध वार करण्यासाठीं करतात. हिशेब मोठा मोहक आहे. लोखंडी खंजिराची मूळ मारकशक्ति ४. पंधरापट म्हणजे ६०. मारेकऱ्यांच्या संघाचे हातमोजे घातले कीं तीही दुप्पट, १२०. चारांचे एकशें वीस करून देणारी पेढी ज्या गांवांत आहे तेथें व्यापार सोडून भजन करीत बसणारे थोडेच.

माझा संकल्प मात्र भजनाचाच होता. कोणास न मारतां केवळ चोरीवर जगणारा भामटा घडवावा असें मीं ठरविलें होतें. तो भोळा संकल्प माझ्या मनांत आला कोठून हें सांगितलें पाहिजे. देवलांच्या संगीत नाटकामुळें मृच्छकटिकांतला शर्विलक मराठी घरांत परका राहिलेला नाहीं. शूद्रकाच्या तिसऱ्या अंकांतला तो ब्राह्मण चोर आठवून पाहा. जानव्यानें तो भिंतीचें माप घेतो. भोंक कोणत्या आकृतीचें पाडावें, उमललेल्या कमळाचें, चंद्रकोरीचें कीं स्वस्तिकाचें, याचा तो शांतपणें विचार करतो आणि पक्क्या विटांच्या भिंतीस पूर्णकुंभ शोभेल असें ठरवितो. सकाळीं शेजारीपाजारी जमले म्हणजे त्यांनीं शिव्या देतां देतां कारागिरीची तारीफही करावी, ही त्याची इच्छा. दिवा विझविण्यासाठीं तो किडा सोडतो. योगाचार्यांनीं दिलेलें अदृश्य करणारें अंजन त्याच्या अंगास लागलेलें असतें. आणि एवढी सामग्री असून तो कोणाचा जीव घेत नाहीं. झोपेंत बरळणारा मैत्रेय दागिन्यांचा डबा आपण होऊन त्याच्या हातीं देतो! उजाडल्यावर चारुदत्तही त्या भोंकाकडे पाहून प्रथम कौतुकच करतो. शूद्रकानें आपल्या चोरास ज्या सिद्धि दिल्या त्यांत पंधरापट घाव नाहीं. आणि तरीही त्या रात्रीं प्रेक्षकाचा श्वास अडकून राहतो.

इंग्रजी वाङ्मयांतही दाखला आहे. टोल्किनच्या 'द हॉबिट' या १९३७ च्या कथेंतील बिल्बोस बुटक्यांनीं घरफोड्या म्हणून कामास लावलेलें असतें. १९५१ च्या सुधारित आवृत्तींत पुढील प्रसंग आहे: मुद्रिकेनें अदृश्य झालेला बिल्बो हातांत तलवार घेऊन गॉलमच्या मागें उभा आहे, वाट अडलेली आहे, वार केला तर तो चुकण्यासारखा नाहीं. बिल्बोला दया येते व तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. पुढील सारी कथा त्या एका उडीवर तरली आहे. स्कायरिमच्या आकाशांत या उडीची तारका मीं पुष्कळ शोधली. ती तेथें नाहीं.

मग अहिंसक भामट्यानें घ्यावें तरी काय? दोन महिन्यांच्या अनुभवाअंतीं माझें टिपण असें झालें. 'स्टेल्थ' दोनदांच घ्यावी, तिसऱ्यापासून पुढें दर वेळीं शेंकडा पांचांचीच भर पडते. मौनाची फांदी 'सायलेन्स'पर्यंत चढावी. येथें माझ्या कन्येचा आक्षेप आला कीं, चालण्याचा आवाज बंद करणारे जोडे खेळांत मिळतात व तसा मंत्रही आहे, तेव्हां या सिद्धि वाया गेल्या. आक्षेप हिशेबानें खरा आहे. पण जोड्यांमुळें मौन पाळणारा आणि स्वभावानें मौन पाळणारा यांत मला भेद वाटतो, आणि माझ्या चोरानें अनवाणीही निःशब्द चालावें असा माझा हट्ट होता. खिसेकापूपणांत निजलेल्याच्या बाबतींत यश शेंकडा २५ नें वाढविणारी 'नाइट थीफ' अवश्य घ्यावी. शर्विलकासही ती आवडली असती. वैऱ्याच्या खिशांत गुपचूप विष सोडणारी 'पॉइझन्ड' मीं सोडली. मोठ्या मोहानें सोडली, कारण ती कल्पना म्हणून फार सुंदर आहे. दर पायरीस आरोग्य, मंत्रबळ वा दम यांपैकीं एक १० नें वाढवितां येतें. चोरानें दम वाढवावा, कारण त्यासरशी वाहून नेण्याचें ओझेंही ५ नें वाढतें. या धंद्यांत लोभास असा आधार पाहिजेच.

परंतु खरी किल्ली सांपडली ती चोरांच्या नक्षत्रांत नव्हेच; ती मांत्रिकांच्या मायाविद्येंत होती. तेथें शत्रूस शांत करणारे मंत्र आहेत, अदृश्य होण्याचा मंत्र आहे, आणि कौशल्य ५० झालें कीं मंत्रोच्चार कोणास ऐकूं न देणारी 'क्वायट कास्टिंग' ही सिद्धि आहे. 'ॲनिमेज' घेतली कीं हे मंत्र वरच्या पायरीच्या पशूंवर चालतात, 'किंड्रेड मेज' घेतली कीं माणसांवर. निजलेल्या अस्वलाचा प्रश्न अशा रीतीनें धनुष्यावांचून सुटतो. खेळाच्या कर्त्यांनीं योद्धा, मांत्रिक व चोर असे तीन वर्ग पाडले खरे. पण दयाळू चोर व्हावयाचें असेल तर मांत्रिकाच्या अंगणांतून जावें लागतें. योगाचार्यांचें अंजन शेवटीं कामास आलें!

इतकें करूनही मी हरलों, तें सांगितलें पाहिजे. स्कायरिममध्यें पात्राची पायरी सर्व कौशल्यांच्या बेरजेनें चढते, आणि पुष्कळसे शत्रु त्या पायरीबरोबर बलवान् होतात. कुलपें उघडून, खिसे कापून, घासाघीस करून माझा भामटा वर चढला. त्याच्याबरोबर रानांतले दरोडेखोरही चढले. पण त्याचा हात होता तेवढाच राहिला. थोडक्यांत, जो मारावयास शिकत नाहीं त्यास हें जग शिक्षा करतें. आणि गोष्ट पुढें न्यावयाची तर सुटका नाहींच. प्रत्यक्ष चोरसंघाच्या कथेंतही मर्सर फ्रे या विश्वासघातक्याचा वध केल्यावांचून पुढचें पान उलटत नाहीं. चोरांच्या आख्यानास खुनाची अट घालणें ही माझ्या मतें या कृतीतील सर्वांत मोठी कलात्मक चूक होय. याहून १३ वर्षें जुना 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा १९९८ चा खेळ पाहावा. तेथें सिद्धि नाहींत, पायऱ्या नाहींत. नायक शेवटच्या प्रकरणांतही पहिल्याइतकाच दुबळा असतो. फरशीवर पाऊल वाजतें, गालिच्यावर वाजत नाहीं. पाण्याच्या बाणानें मशाल विझवितां येते, जशी शर्विलकानें किड्यानें ज्योत विझविली. आणि सर्वांत कठीण पातळीवर बऱ्याच प्रकरणांत माणूस मारण्यास मनाईच आहे. तेथें जो वाढतो तो खेळणारा स्वतः.

हें सर्व ऐकून कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही नाटक शोधतां, पण हें नाटक नाहीं. कोणती सिद्धि खेळानें दिली यापेक्षां कोणती तुम्हीं घेतली नाहीं, त्यांत तुमचा चोर आहे. नाटककारानें तुम्हांला कधीं कांहीं नाकारूं दिलें होतें का?"

या म्हणण्यांत तथ्य आहे. कुलपांच्या नक्षत्राचेंच पाहा. या खेळांत अवघडांत अवघड कुलूपही एकही सिद्धि न घेतां उघडतां येतें; आंकडा मोडेल, दुसरा घ्यावा, पुन्हां कान देऊन फिरवावा. म्हणून हिशेबी लोक या नक्षत्रास टाकाऊ समजतात. मला तेंच सर्वांत प्रिय झालें, कारण त्याच्याकडे पाठ फिरविल्यामुळें माझ्या भामट्याची बोटें माझीं स्वतःचीं राहिलीं. त्याच्या पत्रिकेंत कुलपांची एकही सिद्धि नाहीं, आणि त्यानें सोडलेली पेटीही नाहीं. याचा अभिमान मला परवां एका सभेंत माझ्या ग्रंथाची स्तुति झाली तेव्हांही वाटला नव्हता.

तथापि कन्येचें म्हणणें मी पूर्णपणें मान्य करीत नाहीं. नाकारण्यास किंमत तेव्हांच, जेव्हां कृतीला त्या नकाराची दखल असते. मीं 'पॉइझन्ड' सोडली हें त्या देशांत कोणासही कळलें नाहीं. बिल्बोची उडी पुढें फळास येते. माझ्या उड्या हवेंत विरल्या. याला अपवाद असा एकच प्रसंग मला आढळला, आणि तो कोणत्याही नक्षत्रांत नाहीं.

मर्सर फ्रेच्या प्रेतापाशीं 'स्केलेटन की' नांवाची किल्ली मिळते. ती कधींच मोडत नाहीं. कुलपांच्या विद्येचे १०० गुण पुरे करून जी 'अन्ब्रेकेबल' सिद्धि मिळावयाची, ती येथें फुकट हातीं येते. परंतु किल्ली आहे रात्रीची देवता नॉक्टर्नल हिची, आणि तिची सेवा पत्करतांना पात्रानें जें वचन दिलेलें असतें तें पुरें करावयाचें तर ती 'ट्वायलाइट सेपल्कर' या तिच्या मंदिरांत परत ठेवावी लागते. परत केल्यावर देवता तीन वरांपैकीं एक देते: १२० सेकंदांचें अदृश्यत्व, आसपासच्यांस एकमेकांवर उठविण्याची माया, किंवा शत्रूचे १०० प्राणगुण शोषून घेणें. मनांत आणल्यास किल्ली परत न करतां आयुष्यभर वापरतां येते. कोणी मागावयास येत नाहीं. फक्त कथा अपुरी राहते. पुष्कळ खेळाडू असेंच करतात. येथें कर्त्यांना एकदां तरी उमगलें आहे कीं चोराची कसोटी तो काय मिळवितो यांत जितकी असते तितकीच तो काय परत करतो यांत असते. शर्विलकानेंही तो दागिन्यांचा डबा शेवटीं वसंतसेनेच्याच घरीं नेऊन दिला होता.

मीं किल्ली ठेवली व अदृश्यत्व मागितलें. त्याच रात्रीं रिफ्टन गांवांतील एका पेटीवर माझे अकरा आंकडे मोडले. कन्येनें आपला जुना खेळ उघडून दाखविला. तिच्या भामटीपाशीं शाळेच्या दिवसांपासूनची ती किल्ली अद्याप आहे, आणि परत करण्याचा तिचा मुळींच विचार नाहीं.